वारीची चव: दिंडीच्या स्वयंपाकवहीच्या नोंदी

१४ जुलै २०२५

पौर्णिमेचा काला झाला, दिंडीचा ट्रक गावात परतला, काहिली आणि पराती घासून देवळामागच्या खोलीत गेल्या. भिशीचा हिशेब वाचून झाल्यावर आचारी मामांनी विषय काढला. पुढच्या वारीला ते येणार, पण भट्टीपुढे उभे राहणार नाहीत. गुडघ्यांना आता सोसत नाही. हाताखालची पोरं तयार आहेत, कष्टाळू आहेत, पण किती माणसाला किती डाळ आणि किती मीठ, हे सगळं मामांच्या ओंजळीत आहे. कागदावर एक ओळ नाही. म्हणून दिंडीच्या स्वयंपाकाची वही करायची असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

वहीत मला आणखी एक गोष्ट हवी आहे. आमच्या दिंडीतली कितीतरी माणसं आता चालू शकत नाहीत. आषाढ लागला की ती घरी बेचैन होतात आणि सुनेला सांगतात, वारीतलं काहीतरी कर. सुनेला कळत नाही म्हणजे नेमकं काय करायचं. तेव्हा प्रत्येक पदार्थाची दोन प्रमाणं द्यायची: शंभर माणसांचं आणि चार माणसांचं.

१९ जुलै २०२५

घरोघरी फिरले. सगळ्यांना एकच विचारलं: वारीतली एक चव सांगा, पहिली आठवेल ती.

यंदा एका मोठ्या दात्याने बासुंदी-पुरीची पंगत दिली होती. मागच्या वर्षी जिलेबी होती. ती कोणी काढलीसुद्धा नाही. आली ती उत्तरं अशी: निरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान झाल्यावर प्यायलेला कोरा चहा. लोणंदच्या पुढे एका बाईने ओच्यातून काढून दिलेल्या उकडलेल्या शेंगा. तरडगावच्या अलीकडे, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण पाहून पाय थरथरत असताना कोणीतरी हातात ठेवलेलं केळं. बरडला तंबूत पाणी शिरलं त्या रात्रीची गरम कढी. वेळापूरचा ठेचा. वाखरीचा वरण-भात, कारण त्याच्यानंतर फक्त पंढरपूर उरतं.

चव विचारली तरी प्रत्येकाने आधी जागा सांगितली. कोणत्या गावाच्या अलीकडे, कोणत्या झाडाखाली, पाऊस होता की ऊन. पदार्थ त्याच्या मागून आला. हे पहिल्याच दिवशी वेगळ्या पानावर लिहून ठेवलं आहे.

वीणेकरी बाबांनी मात्र एकही पदार्थ सांगितला नाही. म्हणाले, "पंगतीत ताट पुढे आलं आणि ‘पुंडलिक वरदे’चा गजर झाला, की त्या वेळची जी भूक असते ना माउली, तिची चव लिहा." कशी लिहायची ते बघते.

२७ जुलै २०२५

आज पिठलं. मामांच्या अंगणात, त्यांच्याच भट्टीवर, शंभर माणसांच्या अंदाजाने. गल्लीतले सगळे जेवायला बोलावले म्हणजे अन्न वाया जायला नको.

मामा पायलीने आणि शेराने मोजतात. चार शेरांची पायली हे सगळ्यांना माहीत, पण एका शेरात बेसन किती बसतं आणि तांदूळ किती बसतो हे वेगळं, शिवाय प्रत्येकाचं मापटं वेगळं. म्हणून मी काटा घेऊन बसले. मामांनी माप भरायचं, मी वजन लिहायचं. शंभर जणांना बेसन पाच किलोच्या आसपास आणि पाणी बावीस लिटर. घरचं पिठलं यापेक्षा घट्ट असतं. दिंडीत ते पळीने वाढायचं असतं आणि भाकरी कुस्करून त्यात बुडवायची असते, म्हणून पातळ.

तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, ठेचलेली हिरवी मिरची, कढीपत्ता. माळकऱ्यांमध्ये कांदा-लसूण न खाणारे बरेच असतात, म्हणून मामा लसणाची फोडणी छोट्या कढईत वेगळी करतात आणि हवी त्याच्या पानावर वरून घालतात. वहीत हे ठळक लिहायचं. मग आधण. घरी आपण उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पेरतो आणि रवीने हाटतो. काहिलीत तसं केलं तर गुठळी फुटत नाही: बाहेरचं पीठ गरम पाण्याने लगेच शिजून बंद होतं आणि आतलं कोरडं राहतं. म्हणून मामा पीठ आधी गार पाण्यात कालवतात, एकाने बारीक धार सोडायची, दुसऱ्याने हात न थांबवता ढवळायचं. कच्चट वास गेला की झाकण ठेवून भट्टी बारीक.

मिठाशी आल्यावर मामा थांबले. "ऊन होतं का पाऊस?" मी विचारलं, त्याने काय होतं? म्हणाले, दिवसभर ऊन असेल तर मूठभर जास्त. अंगावरचा सदरा वाळून पांढऱ्या रेघा उमटल्या असतील तर आणखी अर्धी मूठ. घामातून मीठ जातं, शरीर ते मागतं, आणि माणूस म्हणतो आज पिठलं काय झालंय! हे मामांना कोणी शिकवलेलं नाही. वाढताना माणसांच्या पाठी बघून ते शिकलेत.

वीणेकरी बाबांना डबा पाठवला. निरोप आला: छान आहे, मीठ कमी पडलं. आता ते दिवसभर ओसरीवर बसून असतात, तरी जिभेला चाल आठवते. चार माणसांच्या प्रमाणात म्हणून मी मीठ दोन ओळींत लिहिलं आहे, ‘घरचं’ आणि ‘वाटेचं’. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी घरचंच घ्यावं, हेही खाली लिहिलं. जुन्या वारकऱ्यांना ते आवडणार नाही, पण लिहायलाच हवं.

तुळस घेऊन चालणाऱ्या आक्का लग्नाआधी तुकोबांच्या पालखीबरोबर जायच्या. त्या वाटेवर यवतचा मुक्काम आणि तिथली पिठलं-भाकरी सगळ्यांना ठाऊक आहे. पिठलं देवळापाशी शिजतं आणि भाकरी घराघरांतून येतात. आक्का म्हणाल्या, "चळतीतली एक भाकरी जाड, एक पापडावाणी, एक करपलेली, एकीला बोटं उठलेली. मी पोर होते. प्रत्येक भाकरी कुणाची असंल ते वळखायचा खेळ खेळायचो आम्ही." मी त्यांना विचारलं, चव कशी होती? म्हणाल्या, ती सांगितली की आत्ता.

२ ऑगस्ट २०२५

चहा. दिंडीत पहाटे तीनच्या पुढे भट्टी पेटते. आंघोळ, गंध, मग चहा. अंधारात तंबूच्या दोऱ्या चुकवत जायचं आणि कुणाच्या तरी हातातून पेला घ्यायचा. आलं, गवती चहा, साखर भरपूर.

वाटेतल्या गावांत गुळाचा मिळतो. चार जणांसाठी करून पाहिला. गूळ घातलेला चहा उकळत असताना दूध ओतलं तर फाटायची भीती असते. गूळ आंबटसर असला की हमखास. चूल बंद करून, जरा थांबून, वरून कोमट दूध घालावं. इतकंच. चहावर लोक तासभर बोलले, पण लिहायला एवढंच हाती लागतं.

५ ऑगस्ट २०२५

आज पुत्रदा एकादशी, म्हणून उपासाचं पान हाती घेतलं.

ज्येष्ठ वद्य एकादशीला माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते. वाटचालीतला हा सर्वांत लांब टप्पा, त्यात दिवे घाट. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात असा चढ, आणि नेमका त्याच दिवशी उपास. जे पोटात जातं त्याच्यावर घाट चढायचा. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. धाकट्या भावाच्या गावी माउली मुक्कामाला जातात, आणि आम्ही त्यांच्यामागून रिकाम्या पोटी पोचतो, असं जुने लोक मोठ्या प्रेमाने सांगतात.

रिकाम्या पोटी हे अर्थात अगदी खरं नाही. पहाटे साबुदाण्याची खिचडी असते. मामा ती फक्त पहाटेच करतात, कारण शिजलेला साबुदाणा गार झाला की चिवट होतो आणि दुपारी विसाव्याला पोचेपर्यंत घशाखाली उतरत नाही. दुपारसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर पुन्हा गरम करता येते, आमटीत कोकम आणि थोडा गूळ, जिरं तुपात. शंभर जणांना भगर सहा किलो, दाण्याचं कूट अडीच किलो.

पण घाटाची म्हणून जी चव लोकांनी सांगितली ती यातली कुठलीच नाही. ती आहे राजगिऱ्याच्या लाडवाची. खिशात चुरा झालेला, घामाने जरा ओलसर, शेवटच्या वळणावर दोघांनी वाटून खाल्लेला. आमच्याकडच्या नऊवारी नेसणाऱ्या काकू तो लाडू आजही एकादशीला आणतात, पण आधी हाताने मोडतात आणि मगच खातात. अख्खा लाडू त्यांना गोड लागत नाही.

राजगिरा पाकात वळायचं प्रमाण लिहिलं. खाली एक ओळ: मोडून खावा.

१६ ऑगस्ट २०२५

गोपाळकाला. गावात दहीहंडी होती, त्यामुळे लाह्या आणि दही आपसूक हाताशी आलं.

आषाढीची वारी एकादशीला संपते असं बाहेरच्यांना वाटतं. चालणाऱ्यांची ती पौर्णिमेला गोपाळपुरात संपते. सगळ्या पालख्या तिथे येतात, काल्याचं कीर्तन होतं, आणि मग माणसं एकमेकांच्या तोंडात काला घालतात. ओळख असो नसो. ज्वारीच्या लाह्या, दही, मीठ, मिरची, कोथिंबीर, लोणचं, जे ज्याच्याकडे असेल ते. गोपाळपुरात जनाबाईंचं जातं दाखवतात. बायका त्याला हात लावल्याशिवाय काला खात नाहीत.

या पदार्थाचं प्रमाण लिहायला मी नकार दिला. मामांनाही पटलं. काला एकट्याने स्वतःसाठी करून स्वतःच्या हाताने खाल्ला तर ती नुसती दहीलाह्यांची वाटी आहे. पानावर लिहिलं आहे: दोघं तरी हवीत, आणि दुसऱ्याच्या हाताने खावा.

७ सप्टेंबर २०२५

गणपतीत काम झालं नाही. आजपासून पुन्हा.

१४ सप्टेंबर २०२५

पाण्याचं पान. मी ते छोटं समजत होते आणि तेच सर्वांत लांबलं.

पूर्वी टँकर नव्हते. विहिरी, ओढे आणि लोकांचे रांजण. वीणेकरी बाबांना कुठल्या गावचं पाणी मचूळ, कुठलं गोड, हे अजून पाठ आहे. त्यांच्या सांगण्यावरून मुक्कामाच्या यादीपुढे पाण्याची एक ओळ लिहिली. वाटेवरची माणसं उन्हात घागर घेऊन उभी राहतात, वारकऱ्याला पाणी पाजायला मिळालं म्हणून त्याच्या पाया पडतात. काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न नेता नाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली, ही गोष्ट आमच्याकडे कीर्तनात ऐकलेल्या प्रत्येकाला ती घागर बघून आठवते. मला तरी आठवते, दर वर्षी.

लिंबाचं सरबत: मीठ आणि साखर दोन्ही हवं. नुसतं पाणी पोटभर प्यायलं तर घामाने गेलेलं मीठ भरून येत नाही आणि माणूस आणखी गळतो. साखर-मीठ बरोबर असलं की आतडं पाणी लवकर ओढून घेतं. ताकाचंही तेच, म्हणून मामा ताकाला मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड लावतात. शंभर जणांना दही चार किलो, पाणी सोळा लिटर.

काढ्याबद्दल आक्कांनी आठवण करून दिली. आषाढी यात्रेच्या दिवसांत विठ्ठलाचा पलंग काढलेला असतो. देव झोपत नाही, चोवीस तास दर्शनाला उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते: पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, आणि रात्री देवाला शिणवटा जावा म्हणून मसाल्याचा काढा दाखवतात. आम्ही अठरा दिवस चालून पाय धरून बसलेले असतो आणि देवही पाय दुखून काढा पितो, यापेक्षा जवळचं नातं मला माहीत नाही. घरी करायचा काढा लिहिला: सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, गवती चहा, तुळस, गूळ. चार कप पाणी उकळून तीनवर आणायचं. हा देवळातला पाठ आहे असा दावा नाही, आमच्या घरातला आहे.

५ ऑक्टोबर २०२५

शिदोरी. दशम्या दुधात भिजवलेल्या, त्यामुळे दोन-तीन दिवस मऊ. गूळ-शेंगदाणे, बरेच दिवस टिकणारे आणि चालताना हातातून तोंडात जाणारे. आणि सोलापूरकडची कडक भाकरी.

कडक भाकरी मी आज पहिल्यांदा नीट शिकले, दिंडीतल्या एका माहेरवाशिणीकडून. तिचं माहेर मंगळवेढ्याकडे. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून, पातळ थापून, तव्यावर मंद भाजत राहायची, ओलावा पुरता जाईपर्यंत. पापडासारखी मोडते आणि पंधरा दिवस टिकते. सोबत खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगदाण्याची चटणी. ज्वारी मालदांडी हवी, म्हणजे भाकरीला गोडी येते. त्या भागातली काळी जमीन पावसाची ओल धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी तिच्यावरच पोसते. ती सांगताना म्हणाली, "आमच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली, तेव्हा आमच्या गावची ज्वारी पदरात पडल्याशिवाय वारकऱ्याला जाऊ देत नाहीत."

आज मांडणी पक्की केली. आतापर्यंत गोड, तिखट, उपासाचं, पेयं असे भाग होते. ते सगळे मोडले. वही आळंदीपासून सुरू होणार आणि पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर अशी चालत जाणार. जुलैत लोकांनी आधी जागा सांगितली होती, तेव्हाच वहीने आपला रस्ता सांगितला होता. साबुदाणा सासवडच्या पानावर, उकडलेल्या शेंगा लोणंदच्या. जेजुरीच्या पानावर पदार्थ नाही. तिथे पालखीवर भंडारा उधळतात आणि पुढे दिवसभर जे खाल त्याला हळदीचा वास येतो, एवढं लिहिलं.

वास नाकातून मेंदूत जातो तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी जवळच्या वाटेने पोचतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं जरा वळसा घालून येतं. म्हणून बुक्क्याचा, ओल्या तंबूचा, भट्टीच्या धुराचा वास आला की माणूस क्षणात तिथे असतो. आमच्यातल्या एक आजी नावं विसरतात, मुलांचीसुद्धा. परवा फोडणीचा धूर त्यांच्या खोलीत गेला आणि त्यांनी आतून विचारलं, "नातेपुतं आलं का?"

२ नोव्हेंबर २०२५

कार्तिकीला एसटीने पंढरपूर. शेवटच्या पानासाठी प्रसाद बघायचा होता: चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे, कुंकू आणि बुक्क्याच्या पुड्या. सगळे एकाच पिशवीतून येतात, म्हणून गावी वाटलेल्या चुरमुऱ्यांना थोडा बुक्क्याचा वास लागलेला असतो. काही जण आता स्वच्छतेसाठी वेगळ्या पिशव्या करतात. मी वहीत स्पष्ट लिहिलं आहे की एकत्र बांधा. यावर चर्चा होईल, माझं मत बदलणार नाही.

वाखरीचं पान इथेच, चंद्रभागेच्या वाळवंटात बसून पुरं केलं. आषाढ शुद्ध नवमीला पालख्या वाखरीत एकत्र येतात आणि त्याच तिथीला कांदेनवमी. पुढे चातुर्मासात कांदा-लसूण बंद. जे खातात ते त्या दिवशी तंबूमागे गरम कांदाभजी तळतात, आणि न खाणारे जवळच बसून वरण-भात जेवतात. दोन्ही एकाच पानावर ठेवलं.

२३ नोव्हेंबर २०२५

कच्ची प्रत मामांना वाचून दाखवली. त्यांना वाचता येतं, पण ते म्हणाले ऐकतो. पिठल्याशी दोनदा थांबवलं. बावीस लिटर पाणी पावसाळी दिवसाला जास्त होईल, वीस लिहा. आणि ‘वाटेचं मीठ’ या ओळीखाली एक सूचना घालायला सांगितली: वाढप्याने पहिला घास स्वतः घ्यायचा नाही, दिवसभर चाललेल्या माणसाला द्यायचा आणि त्याचं तोंड बघायचं. घातली.

माघातल्या सप्ताहात पोरं वहीवरून शंभर जणांचं पिठलं करणार आहेत. मामा पंगतीत बसणार. त्यांनी काढलेल्या चुका धरून मगच छापायला द्यायची. बरडच्या कढीचं प्रमाण अजून राहिलं आहे: ती रात्र आठवणाऱ्या तिघांनी तीन वेगवेगळ्या कढ्या सांगितल्यात, एकीत गूळ आहे, दुसरीत मुळीच नाही, तिसरीत भजी. तिन्ही करून बघते.